अर्धा राहिलेला उंट

आमच्या घरी बातमी कोरडी असेपर्यंतच टिकायची. मालेगावच्या बाहेर, वाशीमच्या रस्त्याला लागून आमचा मळा होता आणि त्यात वर्षातले बहुतेक दिवस सांबार असायचा. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे पुण्याहून आलेल्या माझ्या सुनेला सांगावं लागलं, म्हणून इथेही लिहून ठेवते. दुपारी उपटलेली सांबाराची जुडी सकाळच्या हर्रासापर्यंत, म्हणजे भाजीच्या लिलावापर्यंत, मान टाकते. त्यावर उपाय एकच, ती भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळायची. त्यासाठी काका अधूनमधून वाशीमहून रद्दीचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे. ताजं वर्तमानपत्र आमच्याकडे येत नसे आणि त्यामुळे काही अडतंय असं कोणाला वाटत नव्हतं. ताज्या बातमीचा शेवट अजून व्हायचा असतो. रद्दीतल्या बातमीचा शेवट कधीच होऊन गेलेला असतो, फक्त तो आपल्याला कळलेला नसतो. एवढाच काय तो फरक.

काम दुपार कलली की सुरू व्हायचं. विहिरीवरच्या इंजिनाचा टुकटुक आवाज चालू असायचा, हौदात पाणी पडत असायचं, आणि हौदाजवळच्या मांडवाखाली आम्ही पाचजण बसायचो. बाबा जुड्या बांधायचे. आई कागद भिजवायची. काका, माझी थोरली बहीण शोभाताई आणि मी गुंडाळायचो. सांबाराचा वास हाताला इतका मुरलेला असायचा की शाळेत माझ्या वहीलाही तो यायचा. तुटक्या जुड्या विकायला जात नसत, त्यांच्या आई सांबारवड्या करायची. बाहेरचं बेसनाचं आवरण कुरकुरीत, आत सांबार, खोबरं आणि खसखस. हर्रासात भाव पडला की आमच्याकडे वड्या जास्त व्हायच्या, त्यामुळे लहानपणी मला भाव पडणं ही चांगली गोष्ट वाटायची.

एकदा बाबा एक बातमी मोठ्यानं वाचत होते. ऐन मोक्याच्या जागी ‘उर्वरित पान चारवर’ असं आलं. पान चार आईनं अगोदरच भिजवून एका जुडीभोवती गुंडाळलं होतं. काका म्हणाले, जुडी सोडून पाहू. बाबा म्हणाले, जुडी सोडायची नाही, पुढचं आपणच सांगायचं. तिथून नियम पडला. ज्याच्या हातात कागद येईल त्यानं वरची बातमी वाचायची, आणि बाकीच्यांनी ‘मंग?’ म्हटलं की पुढं काय झालं ते सांगायचं. सांगून झालं की कागद पाण्यात. अर्धी बातमी भिजवायची नाही. भिजलेली बातमी पुन्हा काढायची नाही. हे सगळं बाबांनी ठरवलं आणि बाबा ठरवलेलं मोडत नसत.

माझं काम तपासणीचं होतं. कोणी मला ते दिलं नव्हतं, पण जे जमत नाही ते जमत नाही असं मी म्हणायची. काका मला तलाठीण म्हणत. एकदा त्यांच्या हातात ‘शंभरी ओलांडलेल्या आजीबाईंना नव्याने दात’ अशी बातमी आली. काकांनी सांगितलं की आजीबाईंनी पहिल्यांदा ऊस मागितला, मग तपासायला आलेल्या डॉक्टरांचं बोट चावलं. मग वरून हुकूम आला, की ज्याला नवे दात येऊन राह्यले त्याचं नाव शाळेत घालावं. आजीबाई पहिलीत बसल्या. त्यांचा पणतू तिसरीत होता, तो घरी आल्यावर त्यांना दमात घ्यायचा. मी विचारलं, शाळेत नाव घालायला जन्माचा दाखला लागतो, तो कुठून आणला? काकांनी बराच वेळ विचार केला. शंभर वर्षांमागचा दाखला काही त्यांना सापडला नाही. शेवटी त्यांनी आजीबाईंचं नाव शाळेतून काढलं आणि कागद आईकडे दिला.

पण खरी सांगणारी होती ताई. काका हसवायला सांगायचे. ताई हसायची नाही. जुडीवरून नजर न उचलता, गावातल्या कोणाची तब्येत सांगावी तशी सांगायची. ‘पाणपोईचे थाटात उद्घाटन, पाणी लवकरच’ या बातमीत तिनं त्या पाणपोईची फीत दर उन्हाळ्यात पुन्हा बांधून पुन्हा कापायला लावली. फीत आखूड होत गेली आणि शेवटी कापणाऱ्या पाहुण्यांच्या बोटांना जागा उरली नाही, तेव्हा पाण्याचा विचार सुरू झाला. मी हिशोब केला. फितीची लांबी जमत होती.

एकच बातमी आमच्याकडे अर्धी राहिली. ‘बसस्थानकात बेवारस उंट’. ताईनं सुरुवात चांगली केली होती. भोंग्यावरून दोनदा पुकारा झाला, की उंट विसरलेल्या प्रवाशानं चौकशीच्या खिडकीशी यावं. तीन माणसं आली. तिघांनीही उंट आपलाच असल्याचं सांगितलं. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, उंटाची खूण सांगा. एवढ्यात आभाळ भरून आलं म्हणून आईनं घाईघाईनं ताईच्या हातातला कागद ओढला आणि पाण्यात घातला. भिजलेली काढायची नाही, नियम तो नियम. उंट तिथेच राहिला. त्या दिवशी ताईनं सांबारवडीला हात लावला नाही. आई म्हणाली, उंटापायी कोणी जेवण टाकतं का. पुढे कितीतरी दिवस आईला काही हवं असलं की ती ताईला जरा सांभाळून हाक मारायची.

आता मोबाइलवर बातमी येते. ती भिजवता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण आहे.

ताईच्या सोयरिकीची गोष्ट त्याच काळातली. पाहुणे येत, पोहे खात, घरी जात आणि निरोप पाठवत. निरोपाचे शब्द वेगवेगळे असले तरी आतलं वाक्य एकच असे, ‘पोरगी लय बोलते.’ असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा आईनं ताईला समोर बसवलं आणि सांगितलं, की पुढल्या खेपेला विचारलं तेवढंच बोलायचं, नाव आणि शिक्षण, बाकी खाली मान. ताईनं मान हलवली. नंतर हौदावर हात धुताना ती मला म्हणाली, “मंदे, एक दिवस चूप बसीन. दोन दिवस बसीन. जलमभर कसं बसू वं?” हा हिशोब मी तेव्हाही केला नव्हता आणि आजही तो मला येत नाही.

चौथं स्थळ मामांनी आणलं. धनजकडच्या एका गावचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना पुढचा प्रकार वेगळ्या तऱ्हेनं आठवतो. मुलाचं नाव प्रकाश, वडील देवरावजी. घरची शेती, माणसं सरळ. मामांनी एवढंच जास्तीचं सांगितलं की देवरावजी फार गंभीर आहेत आणि छापून आलेल्या गोष्टीवरच विश्वास ठेवतात. आईनं ताईकडे पाहिलं.

पाहण्याचा दिवस ठरायच्या आधीच एका दुपारी धोतर-टोपीतला एक माणूस छत्री घेऊन मळ्यात आला आणि वांग्याची रोपं आहेत का म्हणून विचारू लागला. बाबा त्या दिवशी वाशीमला गेले होते. काकांनी त्याला उलट्या टोपल्यावर बसवलं, पाणी दिलं आणि जुड्या संपल्या की रोपं काढून देतो म्हणाले. आमच्याकडे गिऱ्हाइकासाठी काम थांबवत नसत. कागद ताईच्या हातात होता. ‘जिल्ह्यातील वानरांची गणना होणार’.

“मंग?” काका म्हणाले.

ताईनं सांगायला घेतलं. एकच वानर दोनदा मोजू नये म्हणून मोजलेल्याच्या शेपटीला निळा रंग लावला. मोजणी झाली तेव्हा असं दिसलं की काही गावांत वानरं फार आहेत आणि काही गावांत अगदीच कमी. वरच्या साहेबांना हा अन्याय वाटला. त्यांनी समान वाटपाचा हुकूम काढला. जास्तीच्या गावांतली वानरं ट्रकात भरून कमी असलेल्या गावांना पोचती करायची. एका ट्रकात दोनशे बसवले, असं ताई म्हणाली. मी तिला थांबवलं. त्या ट्रकात शेळ्या किती मावतात ते मला माहीत होतं. वानर दाटीत बसत नाही, म्हणून शेळ्यांच्या निम्मेच धरायला हवेत. ताईनं ते मान्य केलं आणि ट्रकाच्या खेपा वाढवल्या. पाहुणा माझ्याकडे आणि ताईकडे आळीपाळीनं पाहत होता. मग त्यानं विचारलं, “धनजकडं कवा येनार हाये ट्रक?”

ताई जुडी गुंडाळत म्हणाली, “कारंज्यापरेंत आला. म्होरचा रस्ता खराब हाये म्हनून थांबला.”

“रस्ता खराब हाये, ते खरं,” तो म्हणाला. तो थोडा वेळ बसून राहिला, मग उठला आणि निघून गेला. आईनं कागद भिजवला. काका म्हणाले, रोपं न घेता गेला, वरून छत्रीबी इसरला. त्यांनी छत्री इंजिनाच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली.

पाहण्याचा दिवस काही ठरेना. आईनं मामांना दोनदा निरोप पाठवला. मामा म्हणाले, देवरावजींना सध्या वेळ नाही, गावात काहीतरी चालू आहे, ठराव, सह्या वगैरे. आईनं ते नकारासारखंच धरलं. त्या दिवसांत ताईच्या हाती आलेल्या बातम्या लवकर संपायच्या. अपघात झाला की सगळे बरे व्हायचे, चोरी झाली की चोर दुसऱ्या दिवशी स्वतःच सामान आणून द्यायचा. मी म्हटलं, असं होत नाही. ती म्हणाली, होऊ दे वं एखाद्या वेळेस.

मग एकदा काकांना बरीच नवी रद्दी मिळाली. त्यातला एक कागद माझ्याकडे आला. वर लिहिलं होतं, ‘वानरांचे वाटप नको, ग्रामस्थांचा एकमुखी ठराव’. मी वाचत गेले. गावात स्वतःची वानरं पुरेशी आहेत, बाहेरच्यांना जागा नाही, तरी वाटपाचा ट्रक परत पाठवावा, असं निवेदन गावानं कचेरीत दिलं होतं. रस्ता खराब असल्यानं ट्रक कारंजा इथे थांबल्याची खात्रीलायक माहिती मिळाल्याचं गावातले जाणते शेतकरी देवरावजी यांनी सांगितलं होतं.

मी वाचायची थांबले. ‘मंग?’ असं कोणी म्हटलं नाही. नियम पडल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. इंजिन चालू होतं म्हणून बरं. काकांनी मान वळवून इंजिनाच्या खोलीकडे पाहिलं, जिथे छत्री होती. मग त्यांनी बाबांना त्या दुपारची हकिकत सांगितली. आई म्हणाली, तो माणूस गावात तोंडघशी पडला तर सोयरीक गेलीच, वरून मालेगाव ते कारंजा आपलं नाव होईल. आण तो कागद इकडं, भिजवते. काकांचंही तेच मत होतं. आणखी दोन महिन्यांनी कोणाला आठवणार आहे, असं ते म्हणाले.

बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. “हे आपल्या मांडवातून गेलेली बातमी हाये,” ते म्हणाले. “पुरी आपुनच कराव लागते.”

“मलेबी येऊ द्या,” ताई म्हणाली. “बोलली मी होती.”

सोयरीक ठरली नसताना मुलीनं त्या घरी जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हे आईनं पुष्कळ सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मला नेलं ते ट्रकाच्या हिशोबासाठी, असं मी तेव्हा समजत होते. आता वाटतं, ताईला सोबत म्हणून नेलं असावं. कारंज्याला गाडी बदलली. स्टँडवरच्या बाकावर बसून भाकर, ठेचा आणि सांबारवडी खाल्ली. छत्री बाबांनी मांडीवर धरली होती. पुढच्या गाडीत ते ताईला एवढंच म्हणाले, “जेवढं खरं हाये तेवढंच बोल. त्याच्यावर कळस चढवू नको.” ताई खिडकीबाहेर पाहत होती. रस्ता खरोखरच खराब होता.

देवरावजींच्या ओसरीवर पाय ठेवला आणि मी आधी भिंत पाहिली. भिंतीला लागून वर्तमानपत्रांच्या थप्प्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या, वर्षावार लावलेल्या, दाराच्या चौकटीइतक्या उंच. एवढ्या कागदात आमचा सांबार किती वर्षं गुंडाळला गेला असता, हा विचार माझ्या मनात आला. एका खुंटीवर नवी शाल होती. उंबऱ्याजवळ एक तरुण माणूस फवारणीचा पंप खोलून बसला होता. तो प्रकाश. देवरावजींनी आम्हाला ओळखलं. “छत्री आनली काय?” त्यांनी विचारलं. बाबांनी दिली. त्यांनी ती उघडून पाहिली, मिटली आणि कोपऱ्यात ठेवली. मग बाबांनी आपण कोण, मामांनी कोणतं स्थळ सांगितलं होतं आणि आज आपण सोयरिकीसाठी आलेलो नाही, हे सगळं क्रमानं सांगितलं आणि ताईकडे पाहिलं.

ताई उभीच होती. “ट्रक नव्हता,” ती म्हणाली. “वानेरं कोनंच वाटले नाईत. थे मी बसल्या बसल्या मनचं सांगतलं होतं. तुमी खरं धरान असं मले मालूम नव्हतं.”

देवरावजी माझ्याकडे वळून म्हणाले, “अन् ट्रकात मावतात किती, थे?”

“ते बरोबर होतं,” मी म्हटलं. “पण ट्रक नव्हता.”

मग त्यांनी जे झालं ते आम्हाला सांगितलं, तक्रार केल्यासारखं नाही, शेतातल्या कामासारखं. निवेदन कचेरीत गेलं. कचेरीतून उलट विचारणा आली, की आपल्या गावी सध्या वानरं किती आहेत. कोणालाच आकडा माहीत नव्हता. ग्रामसभा भरली आणि एका सकाळी सगळ्या गावानं एकाच वेळी मोजायचं ठरलं. बाया, पोरं, म्हातारे, जो तो आपापल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहिला, कोणाच्या हातात ताट, कोणाच्या हातात काठी. सगळं गाव असं एकाच वेळी शेतात वानरांनी आजवर पाहिलं नव्हतं. ती नाल्यापलीकडे निघून गेली आणि परत आली नाहीत. गावानं कचेरीला आकडा कळवला, निरंक. तेव्हापासून हरभरा शाबूत होता. गावानं देवरावजींचा सत्कार केला होता. खुंटीवरची शाल त्याचीच.

“आता तू म्हनते ट्रक नव्हता,” ते म्हणाले.

“नव्हता,” ताई म्हणाली.

“मंग ग्रामसभेत सांगाव लागन मले.” (त्यांनी पुढे खरंच सांगितलं. गावानं मानलं नाही. एवढं करून श्रेय घेत नाही, असा माणूस मिळणार नाही, असं लोक म्हणाले आणि दुसरी शाल दिली.) आम्हाला वाटलं, झालं, आता उठावं. बाबांनी टोपी नीट केली.

तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला. “मंग?” प्रकाशनं पंप बाजूला ठेवला होता. “मंग थे कारंज्याले थांबलेले वानेरं कुठं गेले?”

ट्रक नव्हता, हे त्यानं आताच ऐकलं होतं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्याकडे उत्तर होतं, ते मला तिच्या मानेवरून दिसत होतं. पण तिनं बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला विचारलेल्या गोष्टीला तिनं उत्तर दिलं नाही, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आईनं शिकवलेली खाली मान ती हीच होती, आणि ती तिला अजिबात शोभत नव्हती. मला हौदावरचं तिचं वाक्य आठवलं आणि मी बाबांच्या सदऱ्याची बाही ओढली.

देवरावजी उठले. भिंतीजवळ गेले, एका जुन्या थप्पीची सुतळी सोडली आणि जराही न शोधता आतून एक कागद काढला. तो त्यांनी ताईच्या पुढ्यात चटईवर पसरला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. मी उलट्या बाजूनं वाचलं. ‘बसस्थानकात बेवारस उंट’.

“लोक मले पुसतात, पेपर कायले ठेवतो,” ते म्हणाले. “मी वाट पाहून राह्यलो. रोज पाह्यतो, याचं म्होरं काही आलं काय. या उंटाचं नाई, त्या पुलाचं नाई, कोनत्याच गोष्टीचं म्होरचं हे लोक छापत नाईत. ट्रक खोटा होता, समजलं. पन हा उंट त छापून आलेला हाये. याचं काय झालं, तुले सांगता येते काय वं?”

ताईनं पुन्हा बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुढं वाकून त्या कागदाला बोट लावलं, हर्रासाला जायच्या आधी जुडी चाचपतात तसं.

“सांग,” ते म्हणाले. “कोरडा हाये.”

ताई खाली बसली. तिनं कागद आपल्याकडे सरळ करून घेतला आणि म्हणाली की तीन माणसं आली होती, आणि तिघांनाही खिडकीतल्या साहेबांनी खूण विचारली. प्रकाश पंप ओलांडून आत आला आणि चटईच्या काठाशी बसला. देवरावजींनी घरात पाहून हाक दिली.

“अवं, चहा मांड. उंटाले येळ लागते.”